उंबरठ्यापर्यंतची शिस्त : साम्यवादोत्तर देशांत लोकशाही युरोपीय संघामुळे रुजली का?

रेवातीर (धागालेखिका)

स्लोव्हाकियातील नित्रा या गावी राहायला येऊन आम्हाला आता चौथे वर्ष लागले आहे. माझे यजमान पुण्याहून बदली होऊन येथील मोटारकारखान्यात आले आणि त्यांच्यामागून मी. परवाच्या शनिवारी शेजारच्या आजींना घेऊन आम्ही श्तूरोवोला गेलो होतो. आजींचे माहेर तिथले. त्या घरी हंगेरियन बोलतात आणि आमच्याशी स्लोव्हाक. गावाला लागून डॅन्यूब वाहते आणि पलीकडच्या काठावर हंगेरीतील एस्टरगोम शहर व त्याच्या बॅसिलिकेचा भला मोठा घुमट दिसतो. मध्ये मारिया व्हॅलेरिया पूल आहे. आम्ही तो पायी ओलांडला, पलीकडे कॉफी घेतली आणि परत आलो. कोणी अडवले नाही, कोणी कागद मागितला नाही.

परतताना आजी पुलाच्या मधोमध थांबल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी इथे काहीच नव्हते. दोन्ही काठांकडचे तुकडे उभे होते आणि मधला भाग गायब होता. १९४४ च्या डिसेंबरात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला आणि पुढची सत्तावन्न वर्षे तो तसाच राहिला. त्यांची आत्या पलीकडच्या काठावर दिली होती. घर डोळ्यांना दिसे, पण जाणे मोठे कष्टाचे असे.

घरी आल्यापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या सत्तावन्न वर्षांतील चाळीसहून अधिक वर्षे दोन्ही काठांवर साम्यवादी राजवट होती. दोन्ही देश सोव्हिएत नेतृत्वाखालील वॉर्सा करार या लष्करी आघाडीत होते, दोन्ही कॉमेकॉन या आर्थिक संघटनेत होते आणि रोजच्या भाषणांतून एकमेकांना बंधुराष्ट्र म्हणत होते. तरीही पाचशे मीटरचा पूल त्यांनी जोडला नाही. १९८९ नंतर दोन्हीकडे निवडणुका झाल्या, तरीही तो लगेच झाला नाही. १९९८ मध्ये स्लोव्हाकियातील सरकार बदलले, १९९९ मध्ये करार झाला आणि ऑक्टोबर २००१ मध्ये युरोपीय संघाच्या आर्थिक साहाय्याने पूल खुला झाला.

आता माझा प्रश्न असा. पूर्व आणि मध्य युरोपातील देशांत लोकशाही स्थिरावली ती युरोपीय संघात शिरण्याच्या ओढीमुळे, की तिथल्या लोकांनी ती आधी स्वतः मिळवली आणि संघ मागाहून आला? आणि ती ओढच कारण असेल, तर एकदा आत शिरल्यावर काय उरते? जाणकारांनी लिहावे.

वर्गप्रमुख

रेवाताई, मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि साम्यवादाकडून लोकशाहीकडे होणाऱ्या संक्रमणाचा विषय आला की वर्गात पहिल्यांदा स्लोव्हाकियाच सांगतो, कारण तिथे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही पदर एकत्र दिसतात.

युरोपीय संघाने जून १९९३ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत प्रवेशाच्या अटी ठरवल्या. लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण यांची हमी देणाऱ्या स्थिर संस्था असाव्यात, चालती बाजारव्यवस्था असावी आणि सदस्यत्वाची बंधने पेलण्याची कुवत असावी, असा त्यांचा आशय होता. त्याच वर्षी १ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियाची शांततेने वाटणी होऊन स्लोव्हाकिया वेगळा झाला होता. पंतप्रधान व्लादिमिर मेचियार लोकप्रिय होते, निवडून आलेले होते. मात्र निवडून आल्यावर त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांच्याच पक्षाचे फ्रांतिशेक गाउलिडर पक्षातून बाहेर पडले, तेव्हा आधीच सही करून घेतलेले राजीनामापत्र पुढे करून त्यांचे खासदारपद काढून घेण्यात आले. घटना न्यायालयाने त्यांच्या हक्काचा भंग झाल्याचे सांगितले, तरी त्यांना जागा परत मिळाली नाही. त्याआधी ऑगस्ट १९९५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच यांच्या मुलाचे अपहरण झाले होते आणि त्याला सीमेपलीकडे ऑस्ट्रियातील हाइनबुर्ग येथे टाकून देण्यात आले होते. संशय देशाच्याच गुप्तचर यंत्रणेवर होता. कोवाच यांची मुदत संपल्यावर राष्ट्राध्यक्षांचे काही अधिकार मेचियार यांच्याकडे आले आणि त्यांनी १९९८ मध्ये या प्रकरणाला माफी देऊन टाकली.

या सगळ्याचा परिणाम म्हणून १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने मध्य आणि पूर्व युरोपातील सर्व अर्जदार देशांची तपासणी केली, तेव्हा राजकीय निकषावर नापास झालेला एकमेव देश स्लोव्हाकिया होता. बाकी जे मागे राहिले ते मुख्यतः आर्थिक कारणांनी. डिसेंबरात लक्झेंबर्गच्या परिषदेने वाटाघाटींसाठी पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, स्लोव्हेनिया, एस्टोनिया आणि सायप्रस यांना बोलावले. शेजारचे तिघेही आत चालले आहेत आणि आपण तेवढे दाराबाहेर, हे स्लोव्हाक जनतेला फार लागले.

शब्दवेध

गाउलिडर यांच्या राजीनाम्यावर तारीख नव्हती का? सह्या आधी घेऊन ठेवण्याची पद्धत इतकी उघड होती, हे मला ठाऊक नव्हते.

वर्गप्रमुख

शब्दवेध, पत्र आधी लिहून घेतलेले होते आणि ते आपली सध्याची इच्छा दर्शवत नाही, असे गाउलिडर यांनी सभागृहाला कळवलेही होते. तरी बहुमताने ते मान्य करून टाकले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की लोकशाही मोडण्यासाठी रणगाडे लागतातच असे नाही. हात वर करणारे बहुमत पुरते.

चिंतामणी

माहिती चांगली आहे, पण मी या मांडणीशी सहमत नाही. ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, परीक्षा घेतली, विद्यार्थी नापास झाला, मग त्याने अभ्यास केला आणि पास झाला, असे हे चित्र उभे राहते. त्यात पश्चिम युरोपाचा स्वार्थ कुठेच दिसत नाही. पूर्वेकडच्या बँका कोणी घेतल्या? कारखाने कोणाचे उभे राहिले? स्वस्त आणि शिकलेला मजूर कोणाला मिळाला? आणि समान नागरिकत्वाच्या गोष्टी करणाऱ्या संघाने २००४ मध्ये काय केले, तेही पाहावे. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी नव्या सदस्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी मात्र पूर्ण सात वर्षे, म्हणजे मे २०११ पर्यंत, ते लोटून ठेवले. माल आणि भांडवल तेवढे लगेच मोकळे झाले.

दुसरे असे की माणसे गेली. बल्गेरियाची लोकसंख्या १९८५ च्या जनगणनेत जवळजवळ नव्वद लाख होती, ती २०२१ मध्ये पासष्ट लाखांवर आली. लात्व्हियात १९८९ मध्ये सुमारे सव्वीस-सत्तावीस लाख लोक होते, आता एकोणीस लाखही नाहीत. घटलेल्या जन्मदराचा वाटा त्यात आहेच, पण तरुण माणूस गाव सोडून गेला की तिथल्या लोकशाहीचे काय होते, याचाही विचार या धाग्यावर व्हायला हवा. मागे राहिलेली मते कोणाच्या पारड्यात पडतात, ते आपण पाहतो आहोत.

रेवातीर

चिंतामणी, तुमचा मुद्दा मला पटतो. आमच्या इमारतीतच तीन घरे अशी आहेत जिथे आईवडील इथे आणि मुले व्हिएन्नात किंवा डब्लिनमध्ये. दिवाळीत आम्ही फराळ वाटला, तेव्हा एका काकूंनी डबा हातात घेऊन आधी विचारले की हे टिकते का, मुलगी नाताळला येईल तोवर ठेवता येईल का. शंकरपाळे टिकतील म्हटल्यावर त्यांना फार बरे वाटले.

आरस्पानी

लात्व्हियाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी रिगामध्ये सहा वर्षे वैद्यकीय शिक्षण घेतले. ज्या बाईंच्या घरी मी खोली घेऊन राहत होते, त्यांचा जन्म रिगातलाच, वय तेव्हा साठीच्या पुढे, आईवडील युद्धानंतर रशियातून कामासाठी आलेले. एकदा काही कागद शोधताना त्यांचे पारपत्र टेबलावर पडले होते. त्यावर देशाचे नाव लात्व्हिया होते, पण खाली इंग्रजीत लिहिलेला शब्द ‘परकीय’ या अर्थाचा होता. ज्या शहरात त्या जन्मल्या, शिकल्या, तीस वर्षे परिचारिका म्हणून राबल्या, तिथे त्यांना नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत नव्हते. मी काही विचारण्याआधीच त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवले.

याची पार्श्वभूमी अशी की १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळाल्यावर लात्व्हिया आणि एस्टोनिया यांनी १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांनाच आपोआप नागरिकत्व दिले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेले लाखो लोक बाहेर राहिले. लिथुआनियाने मात्र जवळजवळ सर्व रहिवाशांना नागरिकत्वाचा पर्याय दिला. लात्व्हियाने आधी तर वयोगटानुसार पाळी लावली होती, म्हणजे अमुक वर्षी अमुक वयाच्या लोकांनीच अर्ज करायचा. युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्त माक्स व्हान डेर स्टूल यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, संघप्रवेशाचा दबाव होता, आणि ऑक्टोबर १९९८ च्या सार्वमतात मतदारांनी ही पाळीची पद्धत रद्द करण्याला मान्यता दिली. माझ्या मते बाहेरच्या अटीचा उपयोग झाल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. त्याच वेळी ती अट कुठवर पोहोचली तेही पाहावे. २००४ मध्ये लात्व्हिया सदस्य झाला तेव्हा लाखो लोक बिगरनागरिकच होते. २०२० पासून जन्मणाऱ्या बिगरनागरिकांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले. ते पाऊल सदस्यत्वानंतर सोळा वर्षांनी उचलले गेले.

चिंतामणी

आरस्पानी, त्या बाईंनी परीक्षा देऊन नागरिकत्व का घेतले नाही? माझ्या वाचनात असे आले आहे की बिगरनागरिकांना रशियात व्हिसाशिवाय जाता येत होते, म्हणून अनेकांनी तसेच राहणे पसंत केले.

आरस्पानी

ते खरे आहे आणि काहींचे कारण तेच होते. भाषेची आणि इतिहासाची परीक्षा असते. या बाईंना लात्व्हियन भाषा उत्तम येत होती. रुग्णालयात रोज बोलत होत्या. एकदा जेवताना त्या एवढेच म्हणाल्या की ज्या गावात माझी नाळ पुरली आहे, तिथली मी आहे हे सिद्ध करायला मी बाकावर बसणार नाही. नाळेचा शब्द माझा आहे, त्यांनी रशियनमध्ये काही वेगळे म्हटले होते, पण अर्थ तोच होता. मला त्यांचा राग कळतो. ज्या लात्व्हियन कुटुंबांतील माणसे १९४१ आणि १९४९ मध्ये सायबेरियात नेली गेली, त्यांची भीतीही मला कळते. दोन्ही घरे मी पाहिली आहेत.

सुहास_करवीर

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण आली. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. हे लोक पूर्व पोलंडमधले. सोव्हिएत सत्तेने त्यांना १९४० च्या सुमारास सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलले आणि तिथून सुटका झाल्यावर ते इराणमार्गे भारतात आले. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे सोव्हिएत संघात गेलेली होती, त्यामुळे परत जायचे तर कुठे, हा प्रश्न होता. आमचे आजोबा छावणीत भाजी पोहोचवत. पोलिश बायका मराठीत भाव करायला शिकल्या होत्या, असे ते सांगत.

हे सांगण्याचे कारण असे की चिंतामणींनी मांडलेला बँकांचा आणि कारखान्यांचा हिशेब बरोबर असला, तरी पोलंडसारख्या देशाला नाटो आणि युरोपीय संघ हवेसे वाटले ते केवळ पैशासाठी नव्हे. पुन्हा कोणी रात्री दार ठोठावून गाडीत कोंबू नये, ही इच्छा त्यामागे होती. पोलंडने लोकशाहीही कोणाच्या अटीवरून आणली नाही. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ या काळात सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना गोलमेजाभोवती बसले, ४ जूनला अंशतः मोकळी निवडणूक झाली आणि सॉलिडॅरिटीने सिनेटच्या शंभरपैकी नव्व्याण्णव जागा जिंकल्या. कनिष्ठ सभागृहात जेवढ्या जागा खुल्या होत्या तेवढ्या सगळ्या त्यांना मिळाल्या. तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती आणि कोपनहेगनच्या अटी चार वर्षे दूर होत्या.

मंजिरी_सदाशिव

सुहास यांचे म्हणणे पटले. फक्त एक भर घालते. सगळ्याच प्रादेशिक संघटना लोकशाहीकडे नेतात असे नाही. बेलारूस आणि रशिया यांनी डिसेंबर १९९९ मध्ये ‘संघराज्या’चा करार केला. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को १९९४ पासून सत्तेवर आहेत आणि त्या करारात त्यांना कोणी निवडणुकीचा निकष लावला नाही. आर्मेनियाने युरोपीय संघाशी करार करण्याची तयारी जवळजवळ पूर्ण केली होती; सप्टेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॉस्कोला जाऊन आले आणि देश रशियाच्या सीमाशुल्क संघाकडे वळला. युक्रेनमध्ये दोनच महिन्यांनी तसेच झाले, पण तिथे लोक चौकात उतरले. म्हणून एकत्र येणे हे आपोआप चांगले नाही. कोणत्या अटीवर आणि कोणाला विचारून एकत्र यायचे, हे पाहावे लागते. रेवाताईंच्या पुलाचे उत्तर मला यात दिसते. कॉमेकॉनमध्ये प्रत्येक राजधानीचा रस्ता मॉस्कोकडे जात होता. दोन शेजाऱ्यांनी थेट एकमेकांकडे जावे, याची कोणाला निकड नव्हती.

वर्गप्रमुख

मंजिरीताई, फार नेमके लिहिलेत. याला जोडूनच विशेग्राद गटाविषयी लिहितो. फेब्रुवारी १९९१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे हाव्हेल, पोलंडचे वालेन्सा आणि हंगेरीचे आन्तल हे तीन नेते हंगेरीतील विशेग्राद येथे भेटले, त्याच डॅन्यूबच्या वळणावर, एस्टरगोमहून अगदी जवळ. १३३५ मध्ये बोहेमिया, पोलंड आणि हंगेरीचे राजे तिथे भेटले होते, म्हणून ती जागा निवडली. वॉर्सा करार तेव्हा संपायचा होता आणि सोव्हिएत फौजा पूर्ण निघाल्या नव्हत्या. त्या काळात तिघांनी मिळून बोलल्याने बळ आले. पुढे १९९२ च्या डिसेंबरात मुक्त व्यापाराचा करार झाला. मात्र मेचियार यांच्या काळात हा गट जवळजवळ निजला. १९९८ मध्ये मेचियार यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या झुरिंदा यांचे सरकार आल्यावर तो पुन्हा उठला आणि २००० मध्ये विशेग्राद निधी स्थापन झाला, त्याचे कार्यालय ब्रातिस्लाव्हातच ठेवले. शेजाऱ्यांनी हात दिल्यामुळे मागे पडलेल्या स्लोव्हाकियाला १ मे २००४ रोजी बाकीच्यांच्या बरोबरीनेच आत जाता आले.

वाटसरू

शेजारी हात देतात हे खरे, तसेच शेजारी पायही ओढतात. उत्तर मॅसिडोनियाचे उदाहरण पाहा. २००५ पासून हा देश उमेदवार आहे. ग्रीसचा देशाच्या नावालाच आक्षेप होता. जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला, सरकारने राज्यघटना बदलली, २०१९ मध्ये देशाचे नाव बदलले. स्वतःच्या देशाचे नाव बदलण्याइतकी किंमत दुसऱ्या कोणत्या उमेदवाराने मोजली आहे? त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रान्सने वाटाघाटी अडवल्या आणि २०२० मध्ये इतिहास व भाषेच्या वादावरून बल्गेरियाने. ज्या नेत्यांनी लोकांना सांगितले होते की थोडी कळ सोसा, दार उघडेल, त्यांना २०२४ मध्ये मतदारांनी घरी बसवले. मागितलेले सगळे दिल्यावरही जेव्हा दार उघडत नाही, तेव्हा अट घालणाऱ्यावरचा विश्वास जातो आणि लोकशाही सुधारणा करणारेच तोंडघशी पडतात. बाल्कन देशांत फिरताना हे मला जागोजागी ऐकू आले.

शब्दवेध

मोल्दोव्हाचे सार्वमतही (ऑक्टोबर २०२४) इथे आठवते. संघप्रवेशाचे ध्येय राज्यघटनेत घालावे की नाही, याचा निकाल सुमारे दहा हजार मतांच्या फरकाने लागला आणि ती मते परदेशी गेलेल्या मोल्दोव्हन लोकांची होती. चिंतामणींना सुचवावेसे वाटते की गाव सोडून गेलेला तरुण मतही पाठवतो.

चिंतामणी

शब्दवेध, हे मान्य. माझा मुद्दा मी तेवढ्यापुरता सुधारून घेतो. पण रेवाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. आत शिरल्यावर काय उरते? हंगेरीविषयी कोणीच बोलत नाही आहे.

वर्गप्रमुख

हंगेरीविषयी लिहिणे मला जड जाते, कारण १९८९ च्या आशेचा सर्वांत देखणा क्षण तिथलाच आहे. १६ जून १९८९ रोजी बुडापेस्टच्या वीरचौकात १९५६ च्या उठावाचे पंतप्रधान आणि नंतर फाशी दिले गेलेले इम्रे नॉज यांच्या पुनर्दफनाच्या वेळी एका दाढीवाल्या तरुणाने सोव्हिएत फौजांनी निघून जावे अशी जाहीर मागणी केली. तो तरुण म्हणजे व्हिक्टर ओर्बान. २०१० मध्ये त्यांच्या आघाडीला सुमारे त्रेपन्न टक्के मते मिळाली, पण निवडणूक पद्धतीमुळे जागा दोन-तृतीयांशांहून अधिक. त्या बळावर एका वर्षात नवी राज्यघटना संमत झाली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय सत्तरवरून एकदम बासष्टवर आणले, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीशांची एक पिढी एका फटक्यात घरी. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ते नियमबाह्य ठरवले, पण तोवर खुर्च्या भरल्या गेल्या होत्या आणि अनेकांनी परतण्याऐवजी भरपाई घेतली. २०१४ मध्ये ओर्बान यांनी आपल्याला उदारमतवादी नसलेले राज्य उभारायचे आहे, असे उघडपणे सांगितले.

संघाच्या हातात काय होते? कराराचे सातवे कलम, ज्याने सदस्याचा मताधिकार गोठवता येतो. पण त्यासाठी त्या देशाखेरीज बाकी सर्वांचे एकमत लागते आणि हंगेरी व पोलंड यांनी वर्षानुवर्षे एकमेकांची पाठराखण केली. जो विशेग्राद गट लोकशाहीकडे चालत जाण्यासाठी जन्माला आला, त्याच्याच दोन सदस्यांनी अशी ढाल उभी करावी, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात संघाने निधीला हात घातला आणि हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखले. बारा वर्षे उलटल्यावर. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण जिथे लागू पडते तिथे वैद्याकडेही नंतर औषध उरत नाही.

सुहास_करवीर

पण सर, पोलंडची बाजू अपुरी राहते आहे. तिथेही २०१५ नंतर न्यायालयांवर घाला आला. संघाने २०१७ मध्ये सातव्या कलमाची कारवाई सुरू केली, २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने दिवसाला दहा लाख युरो दंड लावला. तरी बदल झाला तो १५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीने. मतदान चौऱ्याहत्तर टक्के झाले. १९८९ च्या ऐतिहासिक निवडणुकीपेक्षाही जास्त. व्रोत्स्वाफमध्ये एका केंद्रावर रात्री उशिरापर्यंत रांग होती. माझा भाचा तिथे शिकतो. त्याने सांगितले की रांगेतल्या लोकांना आसपासच्या घरांतून चहा आणि पांघरुणे आणून देत होते. दंडाने सरकार वाकले नाही, त्या रांगेने बदलले.

मंजिरी_सदाशिव

सुहास, रांग हे उत्तर आहेच. तरी मला वाटते की दंड आणि अडकलेला निधी यांमुळे रांगेत उभे राहणाऱ्याला एक गोष्ट कळत राहिली, की आपण जे चूक म्हणतो ते बाहेरही चूकच मानले जाते. बेलारूसमध्ये २०२० साली रस्त्यावर आलेल्या माणसांना हा आधार नव्हता. तेही धीराचे लोक होते, संख्येनेही कमी नव्हते.

वर्गप्रमुख

मंजिरीताईंच्या या मुद्द्यावर १९९८ च्या स्लोव्हाक निवडणुकीचे आकडे देतो, म्हणजे मूळ प्रश्नाकडेही परत येता येईल. मेचियार सरकारने निवडणुकीच्या काही महिने आधी कायदा बदलून आघाडीतील प्रत्येक पक्षाला स्वतंत्रपणे पाच टक्के मते मिळवण्याची अट घातली. उद्देश उघड होता. त्यावर विरोधकांतील पाच पक्षांनी आघाडी मोडून एकच पक्ष स्थापन केला. नागरी संस्थांनी गावोगावी मतदान-जागृती केली, तरुणांना प्रथमच मोठ्या संख्येने केंद्रावर आणले. मतदान चौऱ्याऐंशी टक्के झाले. आणि तरीही सर्वांत मोठा पक्ष मेचियार यांचाच राहिला, त्रेचाळीस जागांचा. झुरिंदा यांना बेचाळीस. फरक पडला तो डाव्या पक्षाने, हंगेरियन अल्पसंख्याकांच्या पक्षाने आणि आणखी एका नव्या पक्षाने झुरिंदांबरोबर जाण्याचे ठरवल्यामुळे. दीडशेपैकी त्र्याण्णव जागा, म्हणजे राज्यघटना बदलण्याइतके बळ. ब्रुसेल्सचे दार तेव्हा बंद होते, ही गोष्ट एकमेकांशी न पटणाऱ्या या चौघांना एकत्र ठेवणारा धागा ठरली. पण धागा ओवणारे हात तिथलेच होते. मेचियार यांनी दिलेली ती माफी तर २०१७ मध्ये रद्द झाली, सदस्यत्वाला तेरा वर्षे झाल्यावर, आणि त्यासाठी कोणतीही अट बाहेरून आलेली नव्हती.

वाटसरू

त्यानंतरच्याच वर्षी तरुण पत्रकार यान कुत्सियाक आणि त्याच्या वाग्दत्त वधूचा खून झाला आणि स्लोव्हाकियातील चौक पुन्हा भरले, पंतप्रधान फित्सो यांना पायउतार व्हावे लागले. २०२३ मध्ये तेच पुन्हा निवडून आले. रेवाताई, तुम्ही तिथे आहात. आता लोक काय बोलतात?

रेवातीर

वाटसरू, लोक राजकारणावर परक्या माणसाशी चटकन बोलत नाहीत, त्यामुळे मी साऱ्या देशाचे मत सांगू शकत नाही. पण तुम्हा सर्वांचे प्रतिसाद वाचून मी काल आजींकडे गेले आणि त्यांना सरळ विचारले, १९९८ मध्ये तुम्ही मत देताना युरोपाचा विचार केला होता का?

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, युरोपाचे टीव्हीवर रोज ऐकत होते, चांगले काहीतरी आहे एवढे कळत होते. पण मत दिले ते नातवाच्या प्रगतिपुस्तकासाठी. नातू तेव्हा हंगेरियन माध्यमाच्या शाळेत तिसरीत होता. तोवर तिथे प्रगतिपुस्तक दोन्ही भाषांत मिळे. १९९७ मध्ये सरकारने हंगेरियन मजकूर बंद केला आणि ते फक्त स्लोव्हाकमध्ये देण्याचा आदेश काढला. मुलगा घरी आला आणि त्याने विचारले की आपली भाषा चुकीची आहे का. आजी म्हणाल्या, त्या दिवशी ठरवले की निवडणुकीला कितीही ताप असला तरी जायचे. नव्या सरकारात हंगेरियन पक्ष आला आणि दोन भाषांतील प्रगतिपुस्तक परत सुरू झाले.

मग त्या उठल्या आणि कपाटातून एक कापडी पिशवी काढली. त्यात नातवाची सगळी प्रगतिपुस्तके होती. त्यांनी दोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, एक एका भाषेचे, दुसरे दोन भाषांचे. गणिताचा शेरा दोन्हींत एकच होता. छायाचित्र इथे देत नाही, कारण त्यावर त्याचे नाव आहे. तो आता एस्टरगोमला काम करतो आणि रोज सकाळी सायकलने तो पूल ओलांडून जातो.

चिंतामणी

रेवाताई, आजींना माझा नमस्कार सांगा. पूल झाल्यावर त्या आत्याकडे पहिल्यांदा कधी गेल्या, तेही शक्य झाल्यास विचारा.

रेवातीर

विचारले होते. आत्या १९९६ मध्येच वारल्या. पूल उघडला त्या दिवशी आजी गर्दीतून चालत पलीकडे गेल्या आणि दफनभूमीत जाऊन आल्या.